झिजायचे कुणी?



आज पुनरुत्थानकाळाचा चौथा रविवार. ख्रिस्तसभा हा दिवस उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळते. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, की तो आपल्या मेंढरांसाठी प्राण देतो. आणि लगेच पुढे हेही सांगतो, की हा प्राण त्याच्याकडून कुणी हिसकावून घेत नाही, तो स्वतःहून देतो. धुळ्याहून साक्रीकडे जाताना ठेलारी मेंढपाळांचे कळप आपण सर्वांनी पाहिले आहेत. मेंढपाळ म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून आज आम्ही मेंढरांऐवजी एका गीझरपासून सुरुवात करणार आहोत.

गेल्या जानेवारीतल्या थंडीत आमच्या निवासातला गीझर खालून गळू लागला. दुरुस्तीला एक भाऊ आले. त्यांनी झाकण उघडले आणि आतून एक बारीक, काळपट तार बाहेर काढली. ती आमच्यापुढे धरून ते म्हणाले, "फादर, हाई त् पुरं सरी गयं!" मग त्यांनी समजावले. त्या तारेभोवती बोटापेक्षा जाड अशी मॅग्नेशियमची कांडी असते. गीझरची टाकी लोखंडाची. तिला आतून काचेसारखा मुलामा असतो, पण मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक भेग असतेच. त्या भेगेतून पाणी लोखंडाला खाऊ नये म्हणून ही कांडी ठेवलेली असते. पाणी आधी कांडीला खाते. कांडी आहे तोवर टाकी शाबूत, कांडी संपली की टाकीची पाळी. आमच्या भागातले बोअरचे पाणी किती जड आहे हे बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतेच. वर्षा-दोन वर्षांनी झाकण उघडून कांडी पाहायची असते. कांडी काही शे रुपयांची, गीझर काही हजारांचा. आठ वर्षांत ती कुणीही पाहिली नव्हती. आमच्या आधीच्या फादरांनी नाही आणि आम्हीही नाही. पाणी गरम येत होते, मग आत काय संपत चालले आहे हे कोण बघतो?

ती तार हातात घेतली आणि आम्हाला आमच्या बाबांची बोट आठवली.

आमचा जन्म वसईच्या किनाऱ्यावरचा. बाबा मासेमारी करायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बोट किनाऱ्यावर ओढून घ्यायची आणि दुरुस्ती करायची, हा दरवर्षीचा नेम. बोटीच्या मागे, पंख्याच्या दांड्याजवळ आणि सुकाणूच्या लोखंडी पट्टीवर जस्ताच्या वड्या बोल्टने आवळलेल्या असत. नव्या असताना साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, वर्षभराने उंदराने कुरतडल्यासारख्या. बाबा जुन्या काढून नव्या बसवत. शास्त्रात या वडीला 'सॅक्रिफिशियल ॲनोड' म्हणतात. म्हणजे बलिदानासाठी ठेवलेला धातू! दुसरा धातू वाचावा म्हणून जो स्वतः झिजतो तो.

यामागचे शास्त्र सोपे आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की त्यांच्यात बारीकशी वीज वाहू लागते. त्यांतला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम सर्वांत आधी झिजायला तयार असते. त्याच्यामागे ॲल्युमिनियमचे खास मिश्रण व जस्त, मग लोखंड आणि त्यानंतर तांबे व ब्राँझ. बोटीचा पंखा ब्राँझचा. त्याच्याशी जोडलेले लोखंड तसेच सोडले तर पाणी लोखंड खाणार. मध्ये जस्त बसवले की ते जस्त खाते. आपल्या घरांवरचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा हेच करतो. पत्र्यावर ओरखडा गेला तरी आतले लोखंड लगेच गंजत नाही, कारण शेजारचे जस्त झिजून त्याला सांभाळते.

पण कुठलाही धातू कुठेही लावून चालत नाही. तो निवडावा लागतो. बाबांना शाळा फारशी मिळाली नव्हती, तरी या निवडीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पहिले बघायचे ते पाणी. खाऱ्या समुद्राला जस्त चालते. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचे मिश्रण अधिक बरे. नदीच्या, धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर कठीण पांढरी खपली धरते आणि ते झोपी जाते. तिथे मॅग्नेशियमच लागते. तेच मॅग्नेशियम समुद्रात लावले तर काही महिन्यांत विरघळून जाईल. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यातून आरोग्य खात्याच्या बोटी डोंगरातल्या पाड्यांपर्यंत जातात. त्या गोड्या पाण्यात आमच्या बाबांची समुद्रातली वडी काही कामाची नाही.

दुसरे, स्पर्श. ज्या धातूला वाचवायचे त्याला वडी थेट टेकलेली हवी, किंवा तारेने तरी जोडलेली हवी. बाबा बोल्ट आवळण्याआधी जागा घासूनपुसून लख्ख करत. मध्ये गंज राहिला, तर वडी आहे तशी राहते आणि पट्टी गंजते.

तिसरे, तिला रंग द्यायचा नाही. एका पावसाळ्यात आम्ही हौसेने बोटीबरोबर वडीलाही निळा रंग फासला. छान दिसत होती! बाबांनी एक धपाटा घातला आणि सगळा रंग खरवडायला लावला. रंगाखालच्या जस्ताला पाणी लागत नाही, आणि ज्याला पाणी लागत नाही ते कुणाला वाचवत नाही.

चौथे, शुद्धता. वितळवलेल्या भंगाराचे जस्त चालत नाही. अमेरिकन नौदलाच्या मानकानुसार अशा जस्तात लोखंडाचा अंश एक लाख भागांत ५ हून अधिक असता कामा नये. एवढ्याशा भेसळीनेही जस्तावर कवच धरते आणि त्याचे काम थांबते.

आणि पाचवे, वडी पूर्ण संपायची वाट पाहायची नाही. निम्मी झिजली की बदलायची.

प्रिय भाविकांनो, या पाच गोष्टींत त्यागाविषयीची पाच प्रवचने आहेत, आणि त्यांतले थोडे आम्ही पुढे सांगूही. पण त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे, जो बाबांना कधी पडला नाही आणि पडायचे कारणही नव्हते. जस्ताला कुणी विचारले होते का?

धातूला विचारायचे नसते हे खरे. माणसाला मात्र विचारायचे असते. आणि इथेच आपली सर्वांची मोठी चूक होते.

शुभवर्तमानात एका माणसाने बोटीच्या मालकासारखा हिशोब केला होता. तो महायाजक कयफा. लाझरसला प्रभूने उठवले, लोक येशूकडे वळू लागले, रोमन येऊन सगळे उद्ध्वस्त करतील अशी पुढाऱ्यांना धास्ती पडली. तेव्हा कयफाने गणित मांडले, की एकाच्या मरणाने सगळे वाचणार असतील तर तो सौदा फायद्याचा आहे. (योहान ११) त्याने येशूला निवडले. वडी बसवावी तसे. क्रुसावरचे मरण तेच आहे, पण कयफा त्याच्याकडे बघतो तेव्हा तो खून आहे आणि येशू ते स्वीकारतो तेव्हा ते बलिदान आहे. फरक एवढाच, की एकाने दुसऱ्याचा प्राण खर्ची घातला आणि दुसऱ्याने स्वतःचा दिला. आजच्या शुभवर्तमानातले ते स्पष्टीकरण प्रभू यासाठीच देतो. त्याचा प्राण कुणी घेत नाही, तो देतो.

आता आपण आपल्या घरात येऊ. आम्ही आमच्या घरापासून सुरुवात करतो.

आम्ही पाच भावंडे. ताई सर्वांत मोठी. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली. आई पहाटे मासळी घेऊन बाजारात जायची, घरी धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हवे होते. ताई हुशार होती. तिच्या वह्या पुढे आम्ही वापरल्या, मागची कोरी पाने होती म्हणून. आम्ही दहावी झालो, सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. गुरुदीक्षेच्या दिवशी गावाने आमची मिरवणूक काढली. भाषणे झाली, आईबाबांना हार घातले. ताई मागे स्वयंपाकघरात दोनशे पानांचे जेवण बघत होती. कुणाच्याही भाषणात तिचे नाव आले नाही. आमच्याही नाही.

ती कांडीची तार पाहिल्यावर आम्हाला राहवले नाही. पुढच्याच महिन्यात गावी गेलो तेव्हा तिला विचारले, "ताई, तेव्हा शाळा सोडशील का, असं तुला कुणी विचारलं होतं का गं?" दीक्षेनंतर ताई आम्हाला 'फादर' म्हणते. त्या दिवशी ती 'तू' म्हणाली. म्हणाली, "विचारलं असतं ना, तर मी होच म्हटलं असतं. तुमच्यासाठी कुणी केलं असतं? पण विचारायला पाहिजे होतं रे तू." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तू लहान होतास. बाबांनी विचारायला पाहिजे होतं."

त्या उत्तरावर आम्ही आजही विचार करतो. तिने तेच केले असते. तेवढेच कष्ट, तीच चूल, तीच सुटलेली शाळा. तरीही विचारले असते तर ते तिचे दान झाले असते. न विचारल्यामुळे तो तिच्यावर आवळलेला बोल्ट झाला.

बंधुभगिनींनो, देवानेसुद्धा विचारले होते. जगाच्या तारणाचा प्रश्न होता, तरी नाझरेथमधल्या एका मुलीला गृहीत धरून देव पुढे गेला नाही. त्याने देवदूत पाठवला, तिची शंका ऐकून घेतली आणि तिच्या होकारासाठी थांबला. (लूक १) स्वर्गाचा व पृथ्वीचा धनी जिथे थांबतो, तिथे आपण आपल्या बायकोला, सुनेला, थोरल्या मुलीला न विचारता परस्पर ठरवून मोकळे होतो. सेमिनरीत आम्ही जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट वाचला होता. १७८५ साली त्याने नीतीवरच्या आपल्या ग्रंथात मांडले, की माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही. परीक्षेत आम्ही यावर चार पाने लिहिली होती. ताईवर एक ओळही लिहायला सुचले नाही.

दुसरी एक गोष्ट सांगतो. १८२४ साली इंग्लंडच्या सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ही युक्ती प्रथम जहाजांसाठी सुचवली. तेव्हा नौदलाच्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे आणि समुद्राच्या पाण्याने तो झिजत असे. डेव्हींनी तांब्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले आणि तांबे झिजायचे थांबले. कोचीनला सागवानात बांधलेल्या 'समरंग' नावाच्या जहाजावरही याची परीक्षा झाली. तांबे शाबूत राहिले, पण बुडाला शेवाळ व शिंपले इतके चिकटले की जहाजांचा वेग मंदावू लागला. कारण तांबे थोडे थोडे झिजते म्हणूनच हे जीव त्याला चिकटत नाहीत. संरक्षण इतके पूर्ण झाले, की जहाज बिघडले. नौदलाने ती तजवीज मागे घेतली.

यातही आपल्या घराचे चित्र आहे. ज्या घरात एकटी आई सर्वांसाठी झिजते, त्या घरातल्या मुलांना कसलीच झीज माहीत नसते. पाण्याचा ग्लासही हातात लागतो. ताट उचलायचे नाही, आजोबांना दवाखान्यात न्यायचे नाही, आजीच्या औषधाची वेळ माहीत नाही. ती मुले चकचकीत राहतात, पण त्यांच्यावर आळस आणि हट्ट शिंपल्यांसारखे चढत जातात. आणि एक दिवस त्यांना चालायचे म्हटले तर चालवत नाही. लाकडी बोटीत गरजेपेक्षा जास्त वड्या लावल्या तर धातूच्या भोवतालचे लाकूडच खराब होते, हेही बाबा सांगत. एकाला फार जपले की शेजारचा कुजतो.

मग ख्रिस्ती माणसाने त्याग करायचा की नाही? करायचा. आपल्या विश्वासाचे चिन्हच क्रूस आहे. पण प्रत्येकाने तो स्वतःचा उचलायचा, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा नाही. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीत एका कैद्याच्या पलायनाची शिक्षा म्हणून १० कैद्यांना उपाशी मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतला एक, फ्रान्सिशेक गायोव्निचेक, बायकामुलांसाठी आक्रोश करू लागला. तेव्हा फादर मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी आपल्याला घ्या म्हणाले. नाझी अधिकाऱ्याने १० जणांना निवडले होते, पण कोल्बेंना कुणीही निवडले नव्हते. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले, तेव्हा गायोव्निचेक स्वतः तिथे हजर होते. ते १९९५ पर्यंत जगले. उत्तम मेंढपाळाचा आवाज ओळखणारे मेंढरू कसे असते, ते इथे दिसते.

आपल्यातल्या फार थोड्यांना असा प्रसंग येईल. आपली झीज रोजची आणि बारीक असते. तेव्हा आमच्या बाबांचे नियम आता लावून पाहू.

पाणी बघा. ज्याला जे झेपते ते त्याने द्यावे. एखाद्याला आजाऱ्याजवळ बसणे जमते, एखाद्याला रांगेत उभे राहून कागदपत्रे करणे जमते. सगळ्या पाण्यात एकच धातू लावू नका.

स्पर्श ठेवा. आपली कितीतरी मुले पुण्याला, सुरतेला, मुंबईला नोकरीला आहेत. ती पैसे पाठवतात, ते चांगलेच. पण अंथरुणाला खिळलेल्या आईला कूस कोण वळवते? जळगावातली सून. मुलांनो, वर्षातून आठ दिवस सुट्टी काढून या आणि त्या वहिनीला माहेरी पाठवा. पैशाने तार जोडली जात नाही, तुमच्या हाताने जोडली जाते.

रंग लावू नका. आईला एका दिवशी फुलांचा गुच्छ देऊन तिचा फोटो मोबाईलवर टाकायचा आणि खरकटी भांडी तिच्यासाठीच ठेवायची, ही निळ्या रंगाची वडी झाली.

भेसळ टाळा. 'मी तुमच्यासाठी किती केलं' हे वाक्य एक लाख भागांत पाचच असले तरी त्यागावर कवच धरायला पुरते. हे आम्ही धर्मगुरूंनी स्वतःला आधी सांगायला हवे.

आणि निम्मे झिजण्याआधी बघा. माणूस पूर्ण संपल्यावर त्याच्या मयताला मोठी गर्दी करण्यात अर्थ नाही. आज संध्याकाळी घरात सर्वांनी एकत्र बसा. आपल्या घराची वडी कोण आहे ते ओळखा. बहुतेक वेळा जी व्यक्ती शेवटी जेवते, तीच असते. तिला विचारा, "तुला काय हवं आहे? यातलं कोणतं काम आम्ही घेऊ?" ती 'काही नको' म्हणेल. पुन्हा विचारा.

आपल्या धर्मग्रामातही हेच आहे. दर शनिवारी देऊळ झाडायला त्याच चार बायका येतात. आम्हीही त्यांना कधी विचारले नाही, याची आज जाहीर माफी मागतो. पुढच्या रविवारपासून दारात यादी लावलेली असेल. त्यात पहिल्या शनिवारी आमचे नाव आहे. बाकीचे शनिवार रिकामे ठेवले आहेत. पुरुषांनीही नावे लिहावीत.

शेवटी एकच. जस्त झिजले की संपते. ते परत येत नाही. प्रभू येशूने सांगितले, की प्राण देण्याचा त्याला अधिकार आहे आणि तो परत घेण्याचाही. हा पुनरुत्थानकाळ त्याचीच साक्ष आहे. प्रेमाने आणि मोकळ्या मनाने जो झिजतो, त्याचे झिजणे देव वाया जाऊ देत नाही. थोड्या वेळाने आपण ख्रिस्तशरीर स्वीकारणार आहोत. हे शरीर कुणी ओढून घेतलेले नाही, ते दिलेले आहे. ते हातात घेताना आपल्यासाठी घरात न विचारता झिजलेल्या त्या एका व्यक्तीची आठवण करू या.

ताई येत्या मे महिन्यात आमच्याकडे आठ दिवस राहायला येणार आहे. जळगावचा उन्हाळा आहे म्हणून आम्ही तिला नको म्हणत होतो, पण तिला यायचे आहे. तेवढे दिवस स्वयंपाक आम्ही करणार आहोत. आपण तिला भेटायला जरूर या. जेवायला यायचे की नाही ते आमच्या हाताची चव ऐकून ठरवा.

उत्तम मेंढपाळ प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपले धर्मगुरू